पाचशे चार तास

फेब्रुवारी १९४३ मध्ये हिंदुस्थान सरकारने एक शब्द ठरवून ठेवला होता. शब्द होता ‘रुबिकन’. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असलेले गांधीजी उपोषणात गेले, तर हा एकच शब्द तारेने प्रांताप्रांताच्या सरकारांना जायचा. पुढचं काही लिहायची गरज नव्हती. तार मिळाली की कोणी काय करायचं हे आधीच कळवलेलं. सीझरने जी नदी ओलांडली आणि मग परतीची वाट उरली नाही, ती रुबिकन. साहेबाला शाळेतलं लॅटिन अशा वेळी बरोबर आठवतं.

मध्यप्रांत-वऱ्हाडात ही तार नागपूरला उतरली असती आणि तिथून बंदोबस्ताची चक्रं अकोला, अमरावती, यवतमाळपर्यंत फिरली असती. पण दिल्लीच्या ज्या सरकारची ही तयारी होती, त्याच सरकारात यवतमाळचा एक माणूस बसलेला होता: माधव श्रीहरी अणे. वणीत १८८० साली जन्मलेले, यवतमाळात वकिली केलेले, टिळकांच्या तालमीतले. गावात त्यांना बापूजी म्हणत. पुढच्या हकिगतीत एक बापू तुरुंगात आहेत आणि एक बापूजी सरकारात, हे वाचकाने ध्यानात ठेवावं.

८ ऑगस्ट १९४२, दिल्ली आणि मुंबई

मुंबईत गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. उजाडायच्या आत गांधीजी आणि काँग्रेसचे पुढारी पकडले गेले. हे एका रात्रीत सुचलेलं नव्हतं. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या कार्यकारी मंडळाचा होकार सरकारने आधीच घेऊन ठेवला होता.

या मंडळाचं गणित समजून घेतलं पाहिजे. १९४१ आणि १९४२ मध्ये ते वाढवलं आणि त्यात हिंदी सभासदांची बहुसंख्या झाली. कागदावर हे हिंदी लोकांचं सरकार दिसायचं. मात्र गृह, अर्थ, युद्धकाळातली वाहतूक आणि सेना ही चारही खाती इंग्रजांकडे होती. अण्यांकडे परदेशस्थ हिंदी लोकांचं खातं होतं. ब्रह्मदेश आणि मलाया पडल्यावर तिकडून जीव घेऊन आलेल्या लाखोंचं काय करायचं, हा त्या खात्याचा जळता प्रश्न होता. काम खरं होतं आणि महत्त्वाचंही. सरकारची मान मात्र दुसऱ्याच्या हातात होती.

अणे तिथे गेले कसे? १९३० मध्ये याच माणसाने पुसदच्या रानात सरकारी गवत कापून जंगल सत्याग्रह केला होता आणि तुरुंग पाहिला होता. पण टिळकांच्या पठडीत आणखी एक धडा होता, प्रतियोगी सहकाराचा. सरकार जेवढं देईल तेवढं घ्यायचं, आत शिरायचं, आतून ढकलायचं. बाहेर राहून नुसती बोटं मोडण्यापेक्षा हे बरं, असं मानणारे लोक विदर्भात पुष्कळ होते. युद्धात तर या विचाराला आणखी धार आली. जपानी ब्रह्मदेशात येऊन ठेपलेले, विशाखापट्टण आणि काकिनाड्यावर एप्रिलमध्ये बॉम्ब पडलेले. अशा वेळी कारभार कोणीतरी चालवायलाच हवा. प्रांतांतली काँग्रेसची मंत्रिमंडळं १९३९ मध्येच राजीनामे देऊन बाहेर पडली होती. मध्यप्रांतात कलम ९३ खाली गव्हर्नर एकटा राज्य करत होता.

नऊ ऑगस्टनंतर अण्यांनी राजीनामा दिला नाही.

१६ ऑगस्ट १९४२, चिमूर

आदल्या दिवशी आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई वारले होते. चिमूर तेव्हा चांदा जिल्ह्यात, वणीच्या पलीकडे, वर्धा नदी ओलांडली की तोच मुलूख. त्या दिवशी तिथे जमाव खवळला आणि सरकारी अधिकारी मारले गेले. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीलाही पोलीस मारले गेले. मग फौज आली. चिमूरच्या बायकांवर झालेल्या अत्याचारांच्या हकिगती कानोकानी पसरल्या, छापून मात्र येऊ दिल्या नाहीत.

१ नोव्हेंबर १९४२, नवी दिल्ली, अण्यांचा बंगला

सेवाग्रामहून प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी दिल्लीला आले आणि थेट अण्यांच्या दारी उपासाला बसले. मागणी साधी होती. चिमूरची चौकशी व्हावी, अण्यांनी स्वतः तिथे यावं. तुम्ही आमच्याच मुलखातले आणि तुम्ही सरकारात आहात, मग तुमच्या दारी नाही यायचं तर कुणाच्या?

या सबंध हकिगतीत मला सर्वांत अस्वस्थ करणारा क्षण हाच वाटतो. पुसदच्या रानात विळा घेऊन उभा राहिलेला माणूस आता लॉनवाल्या बंगल्यात आहे आणि फाटकाशी सत्याग्रही बसलाय. भन्साळींना पकडून परत धाडलं. त्यांनी पुन्हा उपास धरला आणि तो ६३ दिवस चालला. १२ जानेवारी १९४३ ला सुटला, तोवर देश त्या उपासाने हललेला होता. सरकारलाही एक धडा मिळाला, फक्त तो उलटा घेतला गेला. उपासाची बातमी दाबली तर चर्चा कमी होते, असं त्यांना वाटलं.

२९ जानेवारी ते ९ फेब्रुवारी १९४३, पुणे–दिल्ली–लंडन

गांधी आणि लिनलिथगो यांचा पत्रव्यवहार वर्षअखेरीस सुरू झाला. गांधींचं म्हणणं असं की हिंसेचं खापर आमच्यावर फोडता, तर पुरावा दाखवा, नाहीतर मला कोर्टापुढे उभं करा. व्हाइसरॉय दोन्हींतलं काहीच करायला तयार नव्हते. २९ जानेवारीला गांधींनी कळवलं: एकवीस दिवस उपास, ‘शक्तीनुसार’. या शब्दाचा अर्थ असा की मरायचं नाही, झेपेल तेवढं सोसायचं, पाणी प्यावंसं न वाटलं तर त्यात फळाचा रस घालायचा. वय ७३ होतं. ५ फेब्रुवारीला लिनलिथगोंनी उत्तर दिलं आणि उपासाला राजकीय धाकदपटशा ठरवलं.

मंडळात चर्चा झाली. हिंदी सभासदांच्या आग्रहामुळे एक मधली वाट निघाली: उपास चालेल तेवढे दिवस गांधींना सोडायचं, म्हणजे काही बरंवाईट झालं तर ते तुरुंगात झालं असं होणार नाही. लंडनमध्ये चर्चिलच्या युद्ध मंत्रिमंडळाला हे कळलं तेव्हा संताप झाला. स्टालिनग्राडचा विजय ताजा, आफ्रिकेत जय मिळालेला, साम्राज्याची मान कधी नव्हे ती वर आलेली आणि अशा वेळी एका म्हाताऱ्यापुढे नमायचं? पण लिनलिथगो मंडळाला शब्द देऊन बसले होते. देऊ केलेली सुटका गांधींनीच नाकारली. सुटलो तर उपासाचं कारणच राहत नाही, असं त्यांचं उत्तर. सरकारला विचार करायला वेळ मिळावा म्हणून त्यांनी उपास एक दिवस पुढे ढकलला. कैद्याने सरकारला मुदतवाढ दिल्याचं उदाहरण दुसरं असेल तर मला ठाऊक नाही.

५०४ तास बाकी. बुधवार, १० फेब्रुवारी, सकाळ

सकाळचे नऊ धरू या, मोजायला सोपं. एकवीस दिवस म्हणजे पाचशे चार तास.

सरकारच्या दृष्टीने घड्याळ आता दोन बाजूंनी चालू होतं. एकीकडे डॉक्टरांची रोजची पत्रकं. डॉ. गिल्डर स्वतः येरवड्यात कैदी होते, त्यांना आगाखान पॅलेसमध्ये आणलं. डॉ. सुशीला नय्यर आतच होत्या. सरकारतर्फे सर्जन-जनरल कॅन्डी आणि तुरुंगांचे इन्स्पेक्टर जनरल कर्नल भंडारी. पुढे कलकत्त्याहून डॉ. बिधानचंद्र रॉय आले. दुसरीकडे तयारी. चंदनाचं लाकूड आणून पॅलेसच्या कोठारात ठेवलं गेलं. माणूस अजून हिंडताफिरता आहे, प्रार्थना म्हणतो आहे, आणि चितेचं साहित्य जमा झालं आहे. यात क्रूरपणा होता असं मला वाटत नाही. हा दफ्तराचा शहाणपणा होता. युद्धात सरकार चालवायचं म्हणजे सगळ्यांत वाईट शक्यतेची फाईल आधी उघडायची. लाकूड ऐनवेळी मिळालं नाही आणि बाहेर लाखो लोक जमले, तर काय करणार?

चर्चिलनी तार करून विचारलं की गांधींच्या पाण्यात ग्लुकोज तर घालत नाहीत ना. उत्तर नकारार्थी गेलं.

सुमारे ४०० तास बाकी. १४ फेब्रुवारी

त्याच सुमारास आसामच्या पलीकडे विंगेटची चिंडिट पलटण, तीन हजारांच्या आसपास माणसं, चिंदविन नदी ओलांडून जपान्यांच्या पाठीमागे शिरत होती. आराकानात आपली चढाई रखडली होती. कलकत्त्यावर डिसेंबरमध्ये बॉम्ब पडून गेले होते. लष्करी डोळ्यांनी पाहिलं तर सरकारची भीती खोटी नव्हती. ऑगस्टमध्ये रूळ उखडले गेले, तारा तोडल्या गेल्या, बिहार आणि संयुक्त प्रांताच्या पूर्व भागात राज्यच काही दिवस दिसेनासं झालं होतं. गांधी कैदेत मेले, तर तेच पुन्हा होईल आणि या वेळी पूर्वेची आघाडी उघडी असेल.

केंद्रीय विधिमंडळात गृहसदस्य सर रेजिनाल्ड मॅक्सवेल यांनी सरकारची बाजू सांगितली. सरकारने याच महिन्यात एक पुस्तिकाही काढली, १९४२च्या दंग्यांची जबाबदारी काँग्रेसवर टाकणारी. पुरावा गांधी मागत होते तेव्हा मिळाला नाही, तो छापून बाजारात आला.

३३६ तास बाकी. बुधवार, १७ फेब्रुवारी

सातवा दिवस संपलेला. पत्रकांतली भाषा बदलत होती. मळमळ, झोप नाही, रक्तात विषारी द्रव्यं साठत असल्याची चिन्हं.

त्या दिवशी व्हाइसरॉयच्या मंडळातून तीन सभासद बाहेर पडले: सर होमी मोदी, नलिनीरंजन सरकार आणि माधवराव अणे. तिघांनी मिळून काढलेलं निवेदन अगदी संयमी होतं. मूलभूत प्रश्नावर, म्हणजे गांधींच्या उपासाबाबत काय करावं यावर, मतभेद झाले आणि आता पदावर राहता येत नाही. मंडळात असताना व्हाइसरॉयनी सौजन्याने वागवल्याचा उल्लेखही त्यात होता. टिळकांच्या शिष्याने आग ओकावी असं ज्यांना वाटलं असेल त्यांची निराशाच झाली.

मंडळात आणखी एक मराठी माणूस होता, मजूर खात्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांनी राजीनामा दिला नाही. १९३२ मध्ये येरवड्यात गांधी उपासाला बसले तेव्हा त्या उपासाचं सगळं ओझं आंबेडकरांच्या खांद्यावर टाकलं गेलं होतं. त्यामुळे एका उपासाकडे दोघा मराठी सभासदांनी एकाच नजरेने पाहावं अशी अपेक्षाच मुळात चुकीची होती.

पण बाहेर पडलेल्या तिघांपैकी एकाचं खातं नीट पाहिलं पाहिजे. नलिनीरंजन सरकार व्यापार खात्याबरोबर नव्याने काढलेलं अन्न खातं सांभाळत होते. हे खातं डिसेंबर १९४२ मध्येच उभं राहिलं होतं, कारण ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला होता, चक्रीवादळाने मिदनापूर झोडपलं होतं आणि बंगालमध्ये भाव चढत होते. जपानी आले तर त्यांच्या हाती पडू नयेत म्हणून किनाऱ्यावरच्या हजारो होड्या आणि धान्य सरकारने आधीच काढून घेतलं होतं. तीही एक तयारीच. खातं जेमतेम अडीच महिन्यांचं असताना त्याचा सभासद एका उपासावरून गेला.

त्यानंतर बंगालमध्ये दुष्काळाने मेलेल्यांची संख्या पुढे सरकारी चौकशी आयोगाने पंधरा लाखांच्या घरात धरली. नंतरच्या अभ्यासकांनी ती तीस लाखांपर्यंत नेली. त्या मरणांसाठी कुठला सांकेतिक शब्द ठरलेला नव्हता. कुठल्या कोठारात लाकूड आणून ठेवलं नव्हतं. सरकारला एका माणसाच्या मरणाची तारीख अंदाजाने माहीत होती आणि त्याच्या अवतीभवती सगळी यंत्रणा उभी होती; पलीकडे हळूहळू येणारं मरण कोणाच्या घड्याळात बसत नव्हतं. राजीनामा देणाऱ्यांनाही ते दिसलं असेल असं म्हणायला आधार नाही. त्यांना दिसला तो म्हातारा.

२८८ ते २६४ तास बाकी. १९ आणि २० फेब्रुवारी

दिल्लीत सर्वपक्षीय नेत्यांची परिषद भरली. अध्यक्ष तेजबहादूर सप्रू. राजगोपालाचारी आले, आपले मुकुंदराव जयकर आले. जीना आले नाहीत. ठराव एकच: गांधींना ताबडतोब, बिनशर्त सोडा. लिनलिथगोंनी नकार दिला. रूझवेल्टचे खास प्रतिनिधी विल्यम फिलिप्स दिल्लीत होते, त्यांनी अमेरिकेची चिंता व्हाइसरॉयच्या कानावर घातली. लंडनला तारा गेल्या. चर्चिलकडूनही नकारच आला. स्वतः चर्चिल त्या आठवड्यात न्यूमोनियाने अंथरुणात होते.

यवतमाळात बातमी कशी येत असेल याचं चित्र उभं करता येतं. मूर्तिजापूरहून अरुंद रुळांवरून येणारी गाडी, तिच्यातून येणारी वर्तमानपत्रं, त्यांत डॉक्टरांचं पत्रक. डाकेला एकदोन दिवस लागायचे, म्हणजे वाचणारा ज्या नाडीची बातमी वाचतोय ती नाडी आत्ता चालू आहे की नाही, हे त्याला कळायचं नाही. तारेने आलेली गोष्ट आधी कचेरीत कळायची.

२३३ तास बाकी. रविवार, २१ फेब्रुवारी, दुपारचे चार

मळमळीचा जोराचा झटका आला. गांधी जवळजवळ बेशुद्ध झाले. नाडी बोटांना लागेनाशी झाली.

आगाखान पॅलेसमधल्या त्या खोलीत डॉक्टर, कस्तुरबा, जवळची माणसं. पुण्यात तेवढ्या तासापुरता ‘रुबिकन’ एका तारेच्या अंतरावर होता. नगर रोडवरच्या त्या बंगल्यापासून तारघरापर्यंत शब्द जायला किती वेळ लागला असता? मग मुंबई, मग नागपूर. रविवार होता, पण अशा फायलींना रविवार नसतो.

मग पाण्यात मोसंब्याचा रस घातला गेला. ‘शक्तीनुसार’ या शब्दात जी फट ठेवली होती, तिचा उपयोग या क्षणी झाला. पाणी पोटात टिकू लागलं. नाडी परत आली. डॉक्टरांच्या त्या दिवसांच्या पत्रकात स्पष्ट लिहिलं होतं की उपास लवकर सुटला नाही तर वाचवायची वेळ निघून जाईल. सरकारने ते वाचलं आणि काहीही बदललं नाही.

२१६ ते १ तास

इथून पुढचे नऊ दिवस सांगण्यासारखे कमी आहेत, आणि तेच त्यांचं वैशिष्ट्य. पत्रकं हळूहळू बरी होत गेली. मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांचं सरकार बंदोबस्त धरून उभं राहिलं. भेटायला नातेवाईक, मित्र, पुढारी येऊन गेले. सरकारच्या लेखी सरकार चाललं होतं: कोणाला सोडलं नाही, कोणाला चर्चेला बोलावलं नाही, एकही आगगाडी थांबली नाही.

० तास. बुधवार, ३ मार्च, सकाळचे साडेनऊ

कस्तुरबांनी पाणी घातलेला संत्र्याचा रस दिला. तो गांधींनी वीसेक मिनिटं सावकाश घेतला. डॉक्टरांचे आभार मानताना डोळ्यांत पाणी आलं, असं सांगतात.

‘रुबिकन’ कुठेच गेला नाही. नागपूरच्या तारघरात तो उतरला नाही, यवतमाळच्या कचेरीत पोचला नाही.

अणे मात्र फार दिवस रिकामे बसले नाहीत. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून ते सिलोनला गेले आणि १९४७ पर्यंत तिथे राहिले. व्हाइसरॉयच्या मंडळातून तत्त्वासाठी बाहेर पडायचं आणि सहा महिन्यांत त्याच सरकारचा प्रतिनिधी व्हायचं, याला कोणी विसंगती म्हणेल, कोणी प्रतियोगी सहकार. सिलोनच्या चहाच्या मळ्यांत लाखो तमिळ मजूर होते, त्यांचं कोणीतरी पाहायला हवं होतं. मला वाटतं अण्यांनी सरकारपेक्षा वेगळीच गोष्ट चालू ठेवायचा प्रयत्न केला, पण त्यासाठी त्यांना सरकारचाच कागद लागला. स्वातंत्र्यानंतर ते बिहारचे राज्यपाल झाले. टिळकांवर त्यांनी संस्कृतात लिहिलेल्या ‘तिलकयशोर्णव’ला ते गेल्यावर साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आगाखान पॅलेसच्या कोठारात चंदन तसंच पडून राहिलं. सरकारी सामान परत करायला कारण लागतं आणि कोणी ते मागितलं नाही.

२२ फेब्रुवारी १९४४, महाशिवरात्रीची संध्याकाळ, सात वाजून पस्तीस मिनिटं. त्याच इमारतीत कस्तुरबा गेल्या. दुसऱ्या दिवशी महादेवभाईंच्या शेजारी, आवारातच दहन करायचं ठरलं. लाकडांचा प्रश्न निघाला तेव्हा तुरुंगाधिकारी कटेली यांनी सांगितलं की चंदन आहे, गेल्या वर्षी गांधींसाठी आणून ठेवलेलं. गांधी म्हणाले, माझ्यासाठी होतं तर तिला चालेल.